'टाक' म्हणणारा

रेवदंडा
२ एप्रिल

चि. सुची,

आशीर्वाद लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. तू घे, नाहीतर बाजूला ठेव.

काल मी तिथे येऊन गेलो. पहिली एसटी धरली, पुढे दोन गाड्या बदलल्या आणि तुरुंगाच्या दारातल्या बाकावर दोन तास बसलो. तुझ्या वहिनीने, भाविकाने, भाकऱ्या आणि सुकटीची चटणी बांधून दिली होती, ती आत घेत नाहीत म्हणे. तुझं नाव पुकारलं तसा मी उठून उभा राहिलो. तिथल्या बाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "त्या येत नाहीत. भाऊ असेल तर नको म्हणाल्या." नवरा असेल तर नको म्हणाली असतीस तर समजलो असतो. भाऊ असेल तर नको? मी काय तुझं वाकडं केलंय?

पत्र लिहा, असं त्याच बाईंनी सुचवलं. इथे प्रत्येक पत्र उघडून वाचतात, हेही सांगितलं. तेव्हा मी जपून लिहितो, तूही जपून वाच.

आपला वकील पनवेलचा. खटला उघाडीचा आणि त्याला उघाडी म्हणजे काय तेच ठाऊक नाही. मी त्याला कागदावर काढून दाखवली. हा बांध. बांधाच्या एका अंगाला शेतं, दुसऱ्या अंगाला खाडी. बांधाच्या पोटात दगडी तोंड, तीच उघाडी. ओहोटीला तिथून पाणी खाडीत जातं आणि मासा जाळ्यात येतो. भरती लागली की वरून सागाची फळी टाकून तोंड बंद करायचं, नाहीतर खारं पाणी शेतात घुसतं. फळीचा दोर शेताच्या बाजूला रहाटाला गुंडाळलेला असतो. रहाटावरच्या माणसाला खाडीची बाजू दिसत नाही, मध्ये बांध आहे. म्हणून त्याने हाक द्यायची, "फळीऽऽ!" आणि खाडीकडच्या माणसाने खाली बघून जबाब द्यायचा. रिकामं असेल तर "टाक". कोणी असेल तर "थांब". जबाबाशिवाय रहाटाची खुंटी काढायची नाही. वकील म्हणाला, "म्हणजे सगळा भार त्या एका शब्दावर?" मी म्हटलं, "आमच्याकडे वाडवडिलांपासून असंच आहे."

माझा जबाब त्याने तुला वाचून दाखवलाच असेल. तरी परत सांगतो. ११ मार्चला सकाळी मी तुमच्याकडे सहज येत होतो. टेम्पोत तुझ्यासाठी दहा किलो तांदूळ होता. तुम्ही दोघं उघाडीवर असाल म्हणून खाडीच्या अंगाने बांधावरून आलो. किंकाळी ऐकली म्हणून धावलो. बघतो तर काळूराम भावोजी तोंडाशी उभे, जाळं बांधायच्या आडव्या वाशावर त्यांचा उजवा हात आणि हातावर फळी. अमावस्येचं उधाण चढत होतं. तू रहाट उलटा फिरवायला गेलीस आणि दोर तुटला. तू गावाकडे पळालीस. माझ्या हातात कोयता होता. नारळ सोलायला गाडीत असतोच. मी हात तोडला आणि माणूस वाचला.

तू म्हणतेस, "टाक" असा जबाब आला. भावोजी म्हणतात, मी बोललोच नाही. म्हणून तुझ्यावर जिवे मारण्याच्या प्रयत्नाचं कलम लागलं. त्यात तुझ्या शेजारच्या त्या कमळने पोलिसांना सांगितलं की महिन्यापूर्वी तू तिच्या ओटीवर बसून म्हणाली होतीस, "हा मेला तर बरं." बाई गं, असं कमळसमोर बोलतात का? तिच्या तोंडाला तर फळीच नाही.

वारा होता, सुची. खाडीवर आवाज फसवतो. पक्षी ओरडला असेल, कोणा बोटवाल्याने दुसऱ्याला हाक मारली असेल. तू कोर्टात एवढंच सांग, माझी ऐकण्यात चूक झाली. चुकीला शिक्षा थोडकी असते.

शनिवारी ग्रामपंचायतीत माझा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, सगळं काही. सरपंच म्हणाले, "सख्खा मेहुणा असून त्याचा हात तोडायला वाघाचं काळीज लागतं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. शाल लोकरीची होती, मी घामाने भिजून गेलो.

मुलाखतीला नाही म्हणू नकोस. महिन्याने परत येतो.

गणादादा


रेवदंडा
२१ एप्रिल

सुचे,

तुझं उत्तर नाही. बरं. मी लिहितो.

भावोजी आमच्या घरी आहेत. वाचून चिडशील, चीड. दवाखान्यातून सोडलं तेव्हा त्याच्या भावांनी खाली माना घातल्या. मग हाच म्हणाला, "मी गणाकडं जातो. आईनं जन्म दिला, गणानं दुसऱ्यांदा दिला." सगळ्या गावासमोर. काय बोलणार? सत्काराची शाल अजून खुंटीवर होती.

त्याला आता अहो-जाहो लिहायचा मला कंटाळा आलाय. तोंडावर म्हणतो, पत्रात नाही.

त्याला आंघोळ मी घालतो. लेंग्याची नाडी मी बांधतो. मनगटाच्या वर टाक्यांची जागा अजून ओली आहे तिथे औषध लावतो तेव्हा तो माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडतो. भाविका दुसऱ्या खोलीत जाते. तिने त्याला एकदाही हाताने ताट दिलेलं नाही, उंबऱ्यावर ठेवते आणि सरते. परवा मला म्हणाली, "ज्या दिवशी त्याचे डोळे माज्यावर फिरतील त्या दिवशी मी दुसरा तोडीन, मग माजा बी सत्कार करा."

११ मार्चलाच संध्याकाळच्या ओहोटीला फळी उचलली, हे तुला कोणी सांगितलं नसेल. पंजा वाशाला चिकटून होता. दोन बोटं खेकड्यांनी खाल्ली होती. चांदीची अंगठी मात्र होती. तुझ्या गालावर वर्षभर जिचा वण होता तीच. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर त्याने पहिलं काय विचारलं असेल? "माजी अंगठी गावली का?" मी मिठाने घासून आणून दिली. आता डाव्या हातात घालतो. डावा हात उशीवर आपटून आपटून बघत असतो. मी विचारलं, काय करता? म्हणाला, "वळण लावतोय. ती जामिनावर आली की कामाला येल. एक हात पुरे हाय."

तेव्हापासून मला झोप नाही. म्हणून आज थोडं खरं लिहितो, वाचणारे वाचोत.

संक्रांतीला तू वाण घेऊन आलीस ते आठवतं? वाण कसलं, रुमालात बांधलेला दाताचा तुकडा होता. चौथा महिना होता तुला. तू म्हणालीस, "दादा, मला परत नको पाठवू." मी काय केलं? दोन दिवस ठेवून घेतली, तिसऱ्या दिवशी मोटारसायकल काढली. का? माझ्या मनात तुझं भलं होतं, देवाशपथ. आई गेल्यावर तुझं माहेर म्हणजे मीच. मला वाटलं, मूल झालं की हा सुधारेल, पोरीचा संसार माझ्या हाताने मोडायला नको. तुझ्या सासरच्या दारात मी त्याच्यापुढे हात जोडले. "पोरीचं चुकलंमाकलं असेल तर पोटात घाला." तुझा दात पाडणाऱ्याला मी हे बोललो. तू मागे उभी होतीस आणि माझ्याकडे बघतही नव्हतीस.

पुढे महिन्याभरात तुझं मूल गेलं. "सुचीने मूल घालवलं," असं सगळे म्हणत होते, जसं काही तू ते बाजारात कुठेतरी विसरून आलीस. मोरीत पाय घसरला, असा निरोप आला. मीही मान डोलावली. १० मार्चला रेवदंड्याच्या बाजारात कमळ भेटली. कोलंबी निवडता निवडता म्हणाली, "घसरली कसली? पोटावर तीन लाथा मारल्या त्यानं. मी भिंतीपलीकडून मोजल्या. ती वरडली बी न्हाय, तोंडात पदर कोंबला व्हता."

तीन. तिने मोजल्या आणि परत कोलंबी निवडायला लागली. मीही तिथेच उभा राहून ऐकलं, आणि त्या लाथांपर्यंत तुला मोटारसायकलवर बसवून नेणारा मीच.

तांदूळ खरा होता, सुचे. टेम्पोत दहा किलो तांदूळ होताच. पण कोयता नारळासाठी नव्हता. त्याला मी रात्री धार लावली होती.

गणा


रेवदंडा
१४ मे

सुची,

दुसऱ्यांदा आलो, दुसऱ्यांदा नाही म्हणालीस. आता त्या बाईंनाही माझी दया येते. त्यांनी मला पाणी दिलं.

वकील स्पष्ट बोलला. तुझा खटला एका गोष्टीवर उभा आहे. "टाक" असा जबाब खरंच आला होता हे दिसलं, तर तू रीतीप्रमाणे वागलीस आणि दोष तुझा नाही. जबाब आलाच नव्हता असं ठरलं, तर तू बघूनसवरून नवऱ्यावर फळी टाकलीस. "आवाज कोणाचा होता ते ती सांगतच नाही," वकील म्हणाला. "नुसता पुरुषाचा आवाज म्हणते. ओळखीचा होता का विचारलं की गप्प बसते."

मी बोलणं रीतीवर नेलं.

वकिलाला घेऊन दयाराम आजोबांकडे गेलो. त्यांनी चाळीस वर्षं उघाडी राखलीय. आता डोळे गेलेत. ओटीवर बसल्या बसल्या जाळं विणतात, बोटांनी. वकिलाने विचारलं, "समजा माणूस दबला, तर तुमच्यात दोष कोणाचा मानतात? फळी टाकणाऱ्याचा?"

आजोबा म्हणाले, "फळी टाकनारीचा दोष नसतो रं. तिला काय दिसतंय? 'टाक' बोलनाऱ्याचा दोष."

"आणि त्याने चुकून म्हटलं असेल तर? मनात वाईट नसेल तर?"

"मनात काय बी असू दे. मन कोनाच्या कपाळावर लिवलेलं हाय? बोलायच्या आदी वाकून बघायचं. बघितलं न्हाय तर येडा, आन बघून बोलला तर खुनी. दोनी बारीला फळी त्याच्याच माथ्यावर."

मग म्हातारा माझ्याकडे तोंड करून म्हणाला, "कोन, गना हाय का? तुजा श्वास लय जोरात येतोय."

मी उठून बाहेर आलो.

आता तोडण्याबद्दल. सरपंचांचं भाषण तुला कोणीतरी सांगितलं असेल. खरं काय ते मी सांगतो.

मी तोंडाशी उतरलो तेव्हा पाणी त्याच्या छातीला होतं. तिथे खड्डा आहे, वासा खांद्याला येतो. हात वाशावर ताठ, बोटं पलीकडे चिरडलेली. मला बघून त्याचा चेहरा उजळला. "गणा! आलास? फळी उचल रं!" मी फळीला हात लावला नाही. उभा राहिलो. पाणी चढताना बघत राहिलो. काखेपर्यंत आलं. एक लाट त्याच्या तोंडात गेली, तो खोकला, मला आईवरून शिवी दिली, परत गयावया केली. मी बघत होतो. मला बरं वाटत होतं, सुचे. ते लपवत नाही.

मग गावाकडून तुझी बोंब ऐकू आली. "धावा, धावा!" वाटलं, माणसं येतील आणि हा वाचेल. म्हणून कोयता उचलला. मानेवर, कानाच्या खाली. मी जागा धरून मारला. आणि चिखलात पाय सरकला. घाव उतरला तो मनगटाच्या वर. ओला बांबू फुटावा तसा आवाज आला, पाणी लाल झालं, माझ्या तोंडावर गरम उडालं. तो ओरडायचा थांबला. माझ्याकडे बघितलं आणि समजला. पण चुकीचं समजला. "तोड," म्हणाला. "आजून एक मार, गणा, तोड, वाचव मना!"

तेवढ्यात बांधावर माणसं आली. दहा-बारा जण. त्यांच्यासमोर मी दुसरा घाव मारला. हाड सुटलं. तो माझ्या अंगावर कोसळला, उरलेल्या हाताने माझ्या गळ्याला मिठी मारली आणि मी त्याला पाठुंगळी घेऊन बांध चढलो. माझा गमछा त्याच्या थोटकाला बांधला होता, रक्त माझ्या छातीवरून कमरेपर्यंत वाहत होतं आणि वरून लोक म्हणत होते, शाबास.

करायला गेलो गणपती, झाला मारुती. म्हण लहानपणी हसण्यावारी न्यायचो. आता सांग, पहिला घाव माझा की दुसरा? तुला सोडायला आलो तेव्हा मनात भलं होतं, त्यातून मूल गेलं. मारायला आलो तेव्हा मनात खून होता, त्यातून माणूस वाचला, आणि ज्याने तुला मारायचा तोच हात गेला. मनाचं धरलं तर मी एका वेळी देव, एका वेळी राक्षस. हाताचं धरलं तर उलट. मी टेम्पो चालवणारा माणूस, मला हे सुटत नाही.

एवढं मात्र कळतं की शाल माझ्या अंगावर आणि कोठडी तुला, हे वड्याचं तेल वांग्यावर आहे.

"टाक" कोण म्हणालं ते मला ठाऊक नाही. वारा होता.

गणा


रेवदंडा
५ जून

सुचे,

तुझी चिठ्ठी पोचली. तुझ्यासोबत आत होती ती बाई सुटल्यावर स्वतः बाजारात भाविकाला शोधत आली आणि चोळीतून काढून दिली. म्हणाली, "टपालात घालू नका म्हनाली व्हती." चिठ्ठी चार घड्यांची. मी टेम्पोत बसून वाचली. गिऱ्हाईक बर्फाच्या लाद्या उतरवायला बोलवत होतं, बर्फ वितळून रस्त्यावर आला तरी मी वाचत होतो.

ती इथे परत उतरवतो. तू टपालात घातली नाहीस. मी घालतोय.

"दादा, पत्रं मिळाली. वारा नव्हता. मी हाक दिली तेव्हा 'टाक' म्हणणारा आवाज तुझा होता. तुझा आवाज मी ओळखणार नाही का? पेंढ्याच्या उडवीवरून उडी मारायला मी घाबरायचे, तू खालून 'ये' म्हणायचास आणि मी डोळे मिटून यायचे. त्याचा आवाज असता तर मी परत एकदा हाक दिली असती. तुझा होता म्हणून लगेच खुंटी काढली. मग बांधावर चढून बघितलं तर तू तिथे उभा होतास आणि तो दबलेला. मी ओरडले, उचल. तू वर बघितलंही नाहीस. तेव्हा कळलं, तू बघून बोललास. म्हणून गावाकडे पळाले. तो मरावा असं मला रोज वाटायचं, ते खोटं नाही. पण मी टाकली नसती. तुला मारायचं होतं तर तुझ्या हाताने मारायचं होतंस. माझा हात का वापरलास? घरात माझ्या अंगावर त्याचा हात चालला, बांधावर माझा हात तू चालवलास. तुझ्या मनात माझं भलं होतं ते मला ठाऊक आहे. मारून झालं की तोही तेच सांगायचा. तुझं नाव मी घेणार नाही. पण मुलाखतीला येऊ नकोस."

सुचे, तीन दिवस मी जेवलो नाही. चौथ्या दिवशी, परवा रविवारी दुपारी, त्याला भात कालवून देताना मी म्हटलं, "भावोजी, 'टाक' मी म्हणालो."

त्याने घास गिळला. "काय?"

"तिवरांच्या झाडीमागे मी अर्धा तास उभा होतो. तुम्ही वाशावर वाकला होता, जाळ्याची गाठ सोडत. मान बरोबर फळीखाली होती. तिने हाक दिली. पाण्याच्या आवाजात तुम्हाला ऐकू गेली नाही, मला गेली. मी म्हणालो, टाक. गाठ सुटली म्हणून तुम्ही मागे झालात आणि हात तेवढा राहिला. कोयतासुद्धा मानेवर मारला होता. पाय सरकला."

मला वाटलं, आता हा उठेल. तो हसला.

"मग? मनातलं कोन बघतंय? मी वाचलो का न्हाय? कोनामुळं? तुज्यामुळं. मना तुजा राग न्हाय, गणा."

"मग पोलिसांना सांगा. सुची सुटेल."

हसू गेलं. "ते न्हाय जमायचं."

"तिने काय केलंय?"

"तिनं टाकली. तिचा हात व्हता."

"माझ्या शब्दावर टाकली."

"आसंल. पन तू बोललास तर ती सुटनार. आत ऱ्हाऊ दे तिला. आत हाय तवर माजी हाय. मना सोडून जाते म्हनाली व्हती त्या दिवशी, म्हनून लाथ मारली. न्हायतर मी कशाला मारतोय? संसार टिकावा म्हनूनच मारलं."

संसार टिकावा म्हणून. मी तुला परत नेऊन सोडलं तेव्हा माझ्या तोंडी हेच शब्द होते. तेच, जसेच्या तसे.

मी ताट लाथाडलं. त्याने तेच ताट डाव्या हाताने उचललं आणि कडेने माझ्या भुवईवर हाणलं. कातडं फाटलं, डोळ्यात रक्त आलं. मी त्याच्यावर पडलो. तो थोटका हात माझ्या घशात खुपसत होता, जखम उकलली, त्याचं रक्त माझ्या रक्तात मिसळलं. अंगठीचा ठोसा दोनदा माझ्या कानावर बसला. सुचे, तुला वर्षानुवर्षं ते कसं लागत होतं ते मला तेव्हा कळलं. गुडघा त्याच्या छातीवर दाबून मी भिंतीवरचा कोयता ओढला.

आता मनात खून होता, हातात कोयता होता आणि पाय कोरड्या जमिनीवर होता. सरकणार नव्हता. भाविका दारात उभी होती. तिने अडवलं नाही. डोळे मिटलेही नाहीत.

हात वर गेला आणि तिथेच थांबला. मी चांगला झालो असं समजू नकोस. मनातला खून अजून तसाच आहे, हे लिहितानाही आहे. हात मात्र खाली आला आणि त्याने कोयता बाजूला ठेवला. का, ते सांगता येत नाही. तुझी ओळ आठवली असेल. या खेपेला हात माझाच होता, दुसऱ्या कोणाचा घेता येत नव्हता.

भाविकाने त्याच्या भावांना फोन करून बोलावलं. ते त्याला घेऊन गेले. जाताना तो म्हणाला, "कोन इस्वास ठेवनार हाय तुज्यावर? सत्कार झालाय तुजा." तेवढं खरं बोलला. काल मी सरपंचांकडे गेलो, सगळं सांगितलं. ते म्हणाले, "गणराज, बहिणीसाठी खोटं बोलतोयस, कळतंय मला. मोठं मन आहे तुझं." मी शाल त्यांच्या पायरीवर ठेवून आलो. आता मला घाईने अशा कोणाला तरी सांगायचंय, जो मला ओळखत नाही.

म्हणून हे पत्र.

तुरुंगात पत्रं उघडून वाचणाऱ्या बाई किंवा साहेब, जे कोणी असाल. आधीच्या तीन पत्रांत तुम्हाला घाबरून मी 'टाक' तेवढं लपवलं. हे तुमच्यासाठी लिहिलंय. हे आधी वाचा, वरिष्ठांना दाखवा, कोर्टात पाठवा, आणि मग तिला द्या. ११ मार्चला सकाळी साडेआठच्या सुमाराला उघाडीवर सुचिताने रीतीप्रमाणे हाक दिली. जबाब मी दिला. वाकून बघितलं होतं, खाली माणूस आहे हे मला दिसत होतं, तरी दिला. ती निर्दोष आहे. टपालपेटीत हे टाकून मी पोलीस ठाण्यात जातो. कोयता गोणपाटात बांधून सोबत घेतलाय. भाविका बरोबर येतेय. दयाराम आजोबा म्हणाले, "मना बी ने. रीत काय व्हती ती मी सांगन त्यांना."

सुचे, हे करून मी चांगला ठरेन असं मला वाटत नाही. तुला आवडेल म्हणून करतो, की माझ्यानेच राहवत नाही म्हणून, तेही कळत नाही. मनात काय आहे ते विचारू नकोस, मी तुला मनातलं खूप सांगून झालं. पेटीत पडलं की हे पत्र माझ्या हातून सुटलं, एवढं बघ.

तू सुटशील तेव्हा मी आत असेन. भाविकाकडे मागची खोली रिकामी आहे. परत कुठे जायचं ते तू ठरव, कोणी तुला मोटारसायकलवर बसवून नेणार नाही. मला भेटायला येऊ नकोस, आलीस तर माझी वेळ आहे नाही म्हणायची.

एकच राहिलं. त्या सकाळी तू हाक देऊन विचारलं होतंस. तीन महिने उशीर झाला, पण तुझ्या हाकेला जबाब देतो.

थांब, सुचे. खाली माणूस आहे.

तुझा दादा